‘आधी’वाल्या बाई

माझं वजन विचारायला लोक लाजतात, म्हणून मीच आपण होऊन सांगते: भरपूर आहे. झालं समाधान? आता पुढचं ऐका. आमच्या पार्सल कचेरीत खालच्या गोदामातून वरच्या खिडकीपर्यंत भरलेलं पोतं एका खांद्यावर टाकून, मध्ये कुठेही न टेकवता आणणारी मी एकटी. बायकांत एकटी नव्हे, अख्ख्या कचेरीत! आमचे साहेब दोन फायली घेऊन जिना चढले की वर येऊन पंख्याखाली उभे राहतात आणि बराच वेळ नुसती मान हलवून उत्तरं देतात.

मला हे जन्मतः येत नव्हतं. शिकवलं पीटीच्या बाईंनी. त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही, गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची शिक्षा खाल्लेली आहे आणि सगळे त्यांना पीटीच्या बाईच म्हणतात. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. सुताराच्या दुकानावरचा रिकामा हॉल घेऊन त्यांनी बायकांसाठी व्यायामाचा वर्ग काढला. त्या वर्गात आरसा नाही, वजनकाटा नाही. कंबर मोजायची टेप कुणी आणली तर बाई ती जप्त करतात. करायचं काय, तर हात न टेकता जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दोन भरल्या बादल्या घेऊन पाणी न सांडता हॉलभर चालायचं. वाळूचं पोतं उचलायचं, ठेवायचं, परत उचलायचं. दांडीला लोंबकळायचं आणि गुडघे वाकवून अलगद खाली यायचं. घरात, दारात, जिन्यात रोज जे करावं लागतं तेच, पण नीट. आणि बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं: आधी ताकद, नंतर तराजू. म्हणजे आधी अंगात जोर आणा, काट्यावर काय दिसतं ते नंतर बघू, आठवण राहिली तर.

हे वाक्य मला फारच पटलं, त्याला कारण माझी लेक. सोळा वर्षांची पोरगी, भर उन्हात ढगळ जाकीट घालून फिरते. आरशासमोरून तिरकी जाते. फोटो काढायचा म्हटलं की सगळ्यांच्या मागे जाऊन उभी. ताटातलं निम्मं भूक नाही म्हणून परत. भूक नाही म्हणे! तिच्या पोटातली गुरगुर मला शेजारच्या खोलीत ऐकू येते. कुणी तिच्या डोक्यात हे भरवलं ते मला कळू दे, एकेकाचे कान उपटून हातात देईन. कधीकाळी नातेवाईक तिला लाडाने ठमी म्हणायचे, ते मी सगळ्यांशी भांडून बंद केलं. पण तोवर ते तिच्या आत जाऊन बसलं होतं.

मोठ्या मिनतवारीने मी तिला वर्गाला नेलं. आधी दाराशीच उभी राहायची. मग बादल्या उचलायला लागली. आणि एक दिवस तिने वाळूचं पोतं उचललं, स्वतःशीच हसली, आणि घरी येऊन पुन्हा वाढून घेतलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने ताट सारलं असतं. पण त्या दिवशी मी नवऱ्यावरसुद्धा ओरडले नाही, यावरून काय ते समजा.

वर्गात बायका मोजक्याच होत्या. हॉलचा मालक कुरकुरायला लागला, म्हणून बाईंनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. दोन फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली त्या वाक्यातले दोन-दोन शब्द, एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत. पहिला फोटो माझा, पोतं खांद्यावर घेऊन. दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा, आमच्याच कचेरीतल्या पार्सलच्या काट्यावर उभी असलेली. धाकटी नुकतीच वर्गाला यायला लागली होती, कारण तिला स्वतःची बॅग उचलून स्वतःच्या घरात नेता येत नव्हती. ती लहानपणापासून बारीक. आम्ही बहिणी आहोत हे नाकावरून कळतं, नाक तेवढं अगदी एका साच्यातलं आहे. दोघींनी वर्गाचा निळा टीशर्ट घातला होता. बाईंनी तिला काट्याकडे जरा कंटाळून बघ म्हणून सांगितलं होतं, पण कॅमेरा दिसला की धाकटीचे सगळे दात बाहेर येतात.

फ्लेक्स छापायचा प्रश्नच नव्हता, नवऱ्याचं फ्लेक्सचंच दुकान आहे, आमच्या घराखाली. छापायच्या दिवशी त्याचा मला कचेरीत फोन आला. खिडकीसमोर ही रांग! फोन कानाला आणि खांद्याला दाबून मी पार्सलांवर शिक्के मारत होते. तो म्हणाला, फ्लेक्स ज्या सज्ज्यावर लावायचाय त्याच्याखाली औषधांचं दुकान आहे, तो औषधवाला माझी पाटी झाकायची नाही म्हणून अडून बसलाय, तेव्हा खालून हातभर कमी करावं लागेल, तुझे पाय कापू का? माझं डोकंच सणकलं. भर कचेरीत ठणकावून सांगितलं, की मला कुठेही कापायचं नाही, मी डोक्यापासून पायापर्यंत आहे तेवढी सगळीच्या सगळी दिसले पाहिजे. रांगेतल्या दोन बायकांनी माना डोलावल्या. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की पुढच्या पार्सलवर मी दोनदा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर पहिलाच माणूस माझ्याकडे बघतच राहिला. पार्सल पुढे करायचं सोडून म्हणाला, "तुम्ही त्या ‘आधी’वाल्या बाई ना?"

मला वाटलं, माणूस बोलण्यात गडबडला. त्याच्या मागची बाई आली, ती माझा हात हातात घेऊन म्हणाली की धीर सोडू नका, होईल. काय होईल ते तिने सांगितलं नाही. मग आमच्या कचेरीत पार्सलच्या काट्यावर बसणारे अण्णा पुड्या घेऊन आले. कसलीशी पावडर होती. त्यांच्या मेहुणीने घेतली होती म्हणे, आणि ती पार ओळखू येईनाशी झाली. मी म्हटलं, मला ओळखू यायचंय, उचला ते. इतक्यात साहेब आले आणि फारच प्रेमाने म्हणाले की आजपासून तुम्ही पोती उचलू नका, या अवस्थेत ताण बरा नव्हे. या अवस्थेत! मी तशीच खिडकी बंद केली आणि चौकात गेले.

वर बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. डावीकडे मी. डोक्यापासून पायापर्यंत सगळी. माझ्याखाली हातभर मोठ्या अक्षरांत: आधी. उजवीकडे धाकटी, काट्यावर उभी, सगळे दात दाखवत. तिच्याखाली: नंतर. बास! ‘ताकद’ नाही, ‘तराजू’ नाही, खालची सगळी ओळच गायब. तेच नाक, तोच टीशर्ट. अख्ख्या गावाला वाटत होतं की ती एकच बाई आहे, आणि पीटीच्या बाईंनी मला वाळवून वाळवून धाकटी केलेलं आहे.

कचेरी सुटल्यावर घरी आले तर लेक खोलीचं दार लावून बसलेली. वर्गाला चल म्हटलं तर आतूनच बोलली. आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला भीती वाटली.

"मी नाही येणार, आई. शाळेत सगळे मला ‘आधी’ची मुलगी म्हणतात. तू म्हणायचीस शरीर कामासाठी असतं, दाखवायला नसतं. आणि मग तुझंच असं दाखवलं."

त्या संध्याकाळी तिचं ताट जसंच्या तसं परत आलं.

आता माझा राग कुठे ठेवू तेच मला कळेना. पहिला निघाला तो पीटीच्या बाईंवर. जिना दणाणत वर गेले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही! बायकाच बायका, आणि सगळ्यांना ‘नंतर’ व्हायचं होतं. मला बघून त्या बाजूला झाल्या, आजारी माणसाला वाट देतात तशा. एकीने बसायला खुर्ची आणून दिली. बाई कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मी बोलायच्या आत त्यांनी कागद पुढे केला, त्यावर त्यांच्या हातचं अख्खं वाक्य होतं. म्हणाल्या, मी पूर्ण दिलं होतं, काढायला सांगायला तुझ्या नवऱ्याला फोन केला तर लागत नाही. आणि मग खालच्या आवाजात असंही म्हणाल्या, की हॉलचा मालक मात्र आता काही बोलत नाही, तेव्हा आठवडाभर राहिला तर... पुढचं वाक्य त्यांनी माझा चेहरा बघून गिळलं.

म्हणजे दोषी कोण? नवरा! आणि नवरा कुठे? शाई आणायला बाहेरगावी. वर्षभर ह्या माणसाची शाई संपत नाही, ती नेमकी फ्लेक्स लावल्या दिवशी संपली. फोन बंद. मी त्याच्यासाठी सगळा राग नीट बाजूला काढून ठेवला, परत आला की ऊन ऊन वाढायला.

तोवर धाकटीचं काय चाललं होतं ते ऐका. ती रोज चौकातून दोनदा जायची. लोक तिला थांबवून अभिनंदन करत होते. किती मेहनत घेतलीत, काय जिद्द, आणि ही बया मान खाली घालून थँक्यू म्हणायची! औषधवाल्याने तर तिला गुपित विचारलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे, इच्छाशक्ती. इच्छाशक्ती! जिला बरणीचं झाकण उघडायला मला बोलवावं लागतं तिची इच्छाशक्ती! हे कानावर आलं आणि मी ठरवलं, आता कुणाची वाट बघायची नाही. तो फ्लेक्स मीच उतरवणार.

नवऱ्याच्या दुकानातली शिडी खांद्यावर घेतली, कात्री कमरेला खोचली आणि निघाले. भर दुपारची वेळ, चौकात माणसंच माणसं. शिडी सज्ज्याला लावून मी वर चढले, तोवर धाकटी धावत आली, आणि तिच्यामागे जाकिटात तोंड लपवून माझी लेक. धाकटीनेच तिला बाहेर काढलं होतं, तुझी आई चौकात शिडी घेऊन गेलीय म्हणून. सोळा वर्षांच्या पोरीला चारचौघांत आईची ह्याहून जास्त लाज वाटेल असं दुसरं काही मला तरी सुचत नाही.

"ताई, खाली ये, लोक बघतायत," धाकटी म्हणाली.

मी म्हटलं, लोक गेले कितीतरी दिवस बघतच आहेत, तू शिडी धर. तिने शिडी धरली. मी डावीकडची दोरी कापली. तशी ती खालून हळूच म्हणाली, "ताई, अजून दोन दिवस राहू दे ना."

कात्री तिथेच थांबली. मी विचारलं, काय म्हणालीस?

"मला लहानपणापासून सगळे काडी म्हणतात. वाऱ्याने उडशील म्हणतात. काहीतरी खात जा म्हणतात, जसं काही मी खातच नाही. पहिल्यांदाच कुणीतरी छान दिसतेस म्हणालं गं. खोटं का असेना."

काडी म्हणणाऱ्यांत मीही असेन बहुतेक. पण राग एव्हाना हातात उतरला होता आणि हात थांबायला तयार नव्हता. मी उजवीकडची दोरीही कापली. फ्लेक्स सरसरत खाली गेला आणि धाकटीच्या अंगावर पडला, डोक्यापासून पायापर्यंत. ती आत ओरडायला लागली, आंधळ्यासारखी दोन पावलं पुढे आली ती शिडीवरच आपटली, शिडी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. आणि मी? मी सज्ज्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत!

चौकात एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे दोर आणा, कुणी म्हणे गादी आणा, औषधवाला म्हणे माझ्या पाटीवर नको. माझ्याखाली यायला मात्र एकही माईचा लाल तयार नव्हता. मला इतका संताप आला की भीती वाटायची राहूनच गेली. रोज वर्गात मी दुसरं करते काय? दांडीला लोंबकळते आणि उतरते. मी श्वास सोडला, हात सोडले, गुडघे वाकवले आणि पायांवर उतरले. धप्प असा आवाज झाला, नाही म्हणत नाही. पण उभी राहिले.

लोक टाळ्या वाजवणार होते बहुतेक, पण मला वेळ नव्हता. फ्लेक्स बाजूला केला तर धाकटी पाय धरून बसलेली, घोटा सुजायला लागलेला, डोळ्यांत पाणी. दवाखाना चौकाच्या पलीकडच्या टोकाला. कुणीतरी म्हणालं गाडी बोलावतो. मी म्हटलं बोलवा आरामात. खाली बसले, हात न टेकता. धाकटीला खांद्यावर घेतलं, पाठ सरळ ठेवली आणि पायांच्या जोरावर उठले. वाळूच्या पोत्यापेक्षा ती जड होती, पण पोतं कधी "ताई, मला सोडू नकोस" म्हणत नाही, त्यामुळे धरायला सोपी गेली.

गर्दीने वाट दिली. मागून एक म्हातारेबुवा दुसऱ्याला समजावून सांगत होते, "ती ‘आधी’वाली बघ. ‘नंतर’वालीला उचलून नेतेय." दुसऱ्याला ते काही केल्या कळेना, कारण त्याच्या हिशेबाने ती एकच बाई होती. कुणी हसले, आणि फ्लेक्सखाली रोज उभं राहून सुस्कारे सोडणाऱ्या दोघी तिघी दवाखान्याच्या दारापर्यंत माझ्यामागे आल्या.

डॉक्टरीणबाईंनी घोटा तपासला. हाड मोडलं नव्हतं, घोटा नुसता मुरगळला होता. मग त्या माझ्याकडे वळून काळजीने म्हणाल्या की एवढं उचलून आणलंत, तुमची कंबर वगैरे ठीक आहे ना. मी तोंड उघडायच्या आत माझी लेक बोलली.

"तिला काही होत नाही. ती रोज उचलते."

आणि तिने जाकीट काढलं. सरळ काढलं, घडी केली आणि मावशीच्या पायाखाली उशीसारखं ठेवलं. दवाखान्यात तिथे समोर मोठा आरसा होता. तिने त्यात बघितलंसुद्धा नाही, ती मावशीचा पाय नीट टेकलाय का ते बघत होती.

परत येताना धाकटीला आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं होतं. मी तिला म्हटलं, तू छान दिसतेस, फ्लेक्स असो की नसो, पण उद्यापासून बादल्या उचलायच्या. ती हुं म्हणाली. चौक ओलांडल्यावर लेक म्हणाली, "आई, मला आधी ते वरून उतरायचं शिकव. उचलायचं नंतर."

त्या संध्याकाळी तिने वाढून घेतलं. माझा सगळा राग निघून गेला. म्हणजे एक वाटा सोडून. तो नवऱ्यासाठी झाकून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी आले नवरोबा, शाईचे डबे घेऊन, चोरपावलांनी. मी दारातच गाठलं. मग जे सुरू केलं, ते वर्गापासून साहेबांपर्यंत, पावडरीपासून कठड्यापर्यंत, एकही गोष्ट सोडली नाही. धाकटी सोफ्यावर पाय वर ठेवून ऐकत होती, लेक दारात उभी राहून ऐकत होती. माझा दम संपला तेव्हा तो डबे खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "मी विचारलं होतं तुला. पाय कापू का म्हणून."

मी म्हटलं, हो, आणि मी नाही म्हणाले, बरोबरच म्हणाले!

"हो. आणि पुढे काय म्हणालीस?"

पुढे? पुढे काय म्हणाले मी? खिडकीसमोर रांग होती, हातात शिक्का होता...

"म्हणालीस, माझ्यातलं काही कापू नका. हवं तर अक्षरं कापा. अक्षरं कोण वाचतंय!"

लेकीने तोंडावर हात धरला. धाकटीला हसताना पाय दुखत होता, तरी ती हसतच होती.

आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? वीस वर्षं संसार केला, हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नाही. आणि नेमकं तेवढंच ऐकायचं!